चुकीचं पाकीट : २०१७ च्या ऑस्कर सोहळ्यातल्या शेवटच्या काही मिनिटांचं प्रकरण

सोमवार, २७ फेब्रुवारी २०१७. आपल्याकडे सकाळचे साडेदहा वाजून गेले होते. मराठी भाषा गौरव दिनाच्या शुभेच्छांनी फोन भरून वाहत होता आणि त्यातच ऑस्करचा निकाल आला : सर्वोत्कृष्ट चित्रपट, 'ला ला लँड'. चहाचा कप संपायच्या आत दुसरा निरोप आला : 'मूनलाइट'. पाठवणाऱ्याची काहीतरी गफलत झाली असणार असंच पहिल्यांदा वाटलं. गफलत झाली होती खरी, पण ती तिकडे, लॉस एंजेलिसच्या डॉल्बी थिएटरमध्ये, भर रंगमंचावर.

आता त्याला बरीच वर्षं झाली. तरी विषय निघाला की दोन वाक्यं हमखास ऐकू येतात. शेवटचा पुरस्कार जाहीर करायला आलेल्या अभिनेता वॉरन बेटीने चुकीचं नाव वाचलं, हे पहिलं. पाकीट देणारा हिशेबतपासनीस फोनवर फोटो टाकण्यात गुंग होता, हे दुसरं. पहिलं वाक्य खोटं आहे, नाव बेटीने वाचलंच नव्हतं. दुसरं खरं आहे, पण त्याने प्रकरण उलगडत नाही. मी स्वतः बरीच वर्षं छोट्यामोठ्या पारितोषिक समारंभांत विंगेत उभा राहून पाकिटं हातात ठेवण्याचं काम केलं आहे. एकदा आयत्या वेळी एक उत्तेजनार्थ बक्षीस पुढेमागे झालं, माझा गठ्ठा एका पाकिटाने सरकला आणि नेपथ्याच्या पाकिटातून प्रकाशयोजनेचं नाव बाहेर पडलं. तिथे दोनशे माणसं होती, चूक अर्ध्या मिनिटात दुरुस्त झाली. पण ज्या मुलाचं नाव आधी पुकारलं गेलं आणि जो जागेवरून उठून चार पावलं चालला, त्याचा चेहरा मला अजून दिसतो. म्हणून हे प्रकरण मला नीट मांडावंसं वाटतं.

त्या रात्रीची यादी

८९ वा अकादमी पुरस्कार सोहळा, सूत्रसंचालक जिमी किमेल. सर्वोत्कृष्ट चित्रपटासाठी नऊ नामांकनं होती : 'अरायव्हल', 'फेन्सेस', 'हॅकसॉ रिज', 'हेल ऑर हाय वॉटर', 'हिडन फिगर्स', 'ला ला लँड', 'लायन', 'मँचेस्टर बाय द सी' आणि 'मूनलाइट'. यातल्या 'ला ला लँड'ला एकूण १४ नामांकनं होती. इतकी त्याआधी फक्त 'ऑल अबाउट ईव्ह' आणि 'टायटॅनिक' या दोनच चित्रपटांना मिळाली होती. जानेवारीत गोल्डन ग्लोब्जमध्ये त्याने सातच्या सात पुरस्कार नेले होते. 'मूनलाइट' आणि 'अरायव्हल' यांना प्रत्येकी आठ नामांकनं.

हे वर्ष आणखी एका कारणाने वेगळं होतं. त्याआधीची सलग दोन वर्षं अभिनयाच्या वीसच्या वीस नामांकनांत एकही कृष्णवर्णीय किंवा अन्य वंशाचा कलाकार नव्हता आणि त्यावर मोठा गदारोळ झाला होता. २०१७ मध्ये वीसपैकी सात नावं अशी होती : डेन्झेल वॉशिंग्टन, रूथ नेगा, माहेर्शला अली, देव पटेल, व्हायोला डेव्हिस, नेओमी हॅरिस, ऑक्टाव्हिया स्पेन्सर. 'मूनलाइट'च्या संकलनासाठी जॉय मॅकमिलनचं नाव होतं, या विभागात नामांकन मिळालेली ती पहिली कृष्णवर्णीय स्त्री. शेवटच्या पाकिटाकडे लोक डोळे लावून बसले होते ते या पार्श्वभूमीवर.

संध्याकाळ सुरुवातीपासूनच वाटून गेली. सहायक अभिनेता माहेर्शला अली ('मूनलाइट'), सहायक अभिनेत्री व्हायोला डेव्हिस ('फेन्सेस'). 'हॅकसॉ रिज'ला संकलन आणि ध्वनिमिश्रण असे दोन. त्यातला ध्वनिमिश्रक केव्हिन ओकॉनेल याचं ते एकविसावं नामांकन होतं आणि आधीच्या वीसही वेळा तो रिकाम्या हाताने घरी गेला होता. या क्षेत्रातलं पहिलं काम त्याला आईने मिळवून दिलं होतं. तुझे आभार कसे मानू, असं त्याने विचारल्यावर ती म्हणाली होती, ऑस्कर जिंक आणि त्या मंचावरून माझे आभार मान. त्या रात्री त्याने तेच केलं. बोलायला मिळालेला अर्धा-पाऊण मिनिट माणसाला काय देऊन जातो हे पाहायचं असेल तर त्याचं हे भाषण पाहावं. त्या अर्ध्या-पाऊण मिनिटाचा मुद्दा पुढे परत येणार आहे.

परभाषा विभागात इराणचा 'द सेल्समन' जिंकला. नव्या अमेरिकी प्रवासबंदीच्या निषेधार्थ दिग्दर्शक असगर फरहादी आले नव्हते. त्यांचं निवेदन अंतराळात जाऊन आलेल्या अनुशे अन्सारी यांनी वाचून दाखवलं. आपल्याकडच्या प्रेक्षकांचं लक्ष 'लायन'वर होतं. त्यातला मुंबईचा छोटा सनी पवार कोट-टाय घालून आला होता आणि किमेलने त्याला सगळ्या सभागृहासमोर उचलून धरलं. चित्रपटाला सहा नामांकनं होती, हाती एकही आलं नाही. दिवंगतांच्या आठवणीत ओम पुरी यांचा चेहरा झळकला तेव्हा गलबलून आलं. याच भागात त्या रात्रीची पहिली चूकही झाली. वेशभूषाकार जॅनेट पॅटरसन यांच्या नावासोबत निर्मात्या जॅन चॅपमन यांचा फोटो दाखवला गेला. चॅपमन हयात आहेत.

शेवटच्या टप्प्यात दिग्दर्शनाचा पुरस्कार ३२ वर्षांच्या डेमियन शझेलला ('ला ला लँड') मिळाला, हा मान मिळवणारा तो सर्वांत तरुण दिग्दर्शक. अभिनेता केसी ॲफ्लेक ('मँचेस्टर बाय द सी'). अभिनेत्री एमा स्टोन ('ला ला लँड'). एव्हाना 'ला ला लँड'च्या नावावर सहा पुरस्कार होते, 'मूनलाइट'च्या नावावर दोन : अली यांचा आणि रूपांतरित पटकथेचा. आता एकच पाकीट उरलं होतं.

उरायला हवं होतं एकच.

सहा पुरस्कार घेतलेला चित्रपट हरतो कसा

हा प्रश्न तेव्हा खूप जणांनी विचारला आणि काहींना तर वाटलं की निकालच आयत्या वेळी बदलला. तसं काही नव्हतं. इतर विभागांत ज्याला सर्वाधिक मतं, तो विजेता. सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं गणित मात्र २००९ च्या चित्रपटांपासून वेगळं आहे. तिथे सदस्य पसंतीक्रम लावतात. पहिल्या पसंतीची निम्म्याहून जास्त मतं कुणालाच नसतील तर तळाचा चित्रपट बाद होतो आणि त्याच्या मतपत्रिका पुढच्या पसंतीकडे वळतात. निम्म्याचा टप्पा कुणीतरी ओलांडेपर्यंत हे चालू राहतं. विधान परिषदेच्या मतमोजणीच्या रात्री दुसऱ्या पसंतीची मतं मोजायला घेतली की पुढे असलेला उमेदवार कसा मागे पडतो, हे आपण पाहिलेलं आहे. तत्त्व तेच. काहींचा अत्यंत लाडका आणि काहींचा नावडता असलेला चित्रपट इथे अडकतो. बहुतेकांच्या यादीत दुसरा-तिसरा असलेला चित्रपट वर सरकतो.

अकादमी मतांचे आकडे कधीच जाहीर करत नाही, त्यामुळे 'मूनलाइट' किती फरकाने जिंकला हे सांगणं शक्य नाही. पण सहा आणि दोन हे आकडे पाहून निकाल गृहीत धरणं चुकीचं होतं. दुर्दैवाने त्या रात्री सभागृहानेही तो गृहीत धरला होता, आणि चूक पचून गेली ती त्यामुळेच. 'लायन' किंवा 'हेल ऑर हाय वॉटर' हे नाव चुकून वाचलं गेलं असतं तर लोकांनी आ वासला असता, कुणीतरी थबकलं असतं. 'ला ला लँड' ऐकल्यावर कुणालाही काही खटकलं नाही.

दोन बॅगा

आता मूळ गाठीकडे येऊ. मतमोजणीचं काम प्राइसवॉटरहाउसकूपर्स ही हिशेबतपासणी करणारी कंपनी तेव्हा ८३ वर्षं करत होती. सगळ्या विभागांचे निकाल आधी माहीत असलेली माणसं दोनच, कंपनीचे दोन भागीदार, एक पुरुष आणि एक स्त्री. त्यांची नावं त्या आठवड्यात जगभर इतकी उगाळली गेली की मला ती इथे पुन्हा लिहायची नाहीत. दोघंही विजेत्यांची अख्खी यादी तोंडपाठ करत. प्रत्येकाकडे एक बॅग आणि प्रत्येक बॅगेत चोवीसही विभागांची पाकिटं. म्हणजे पाकिटं एकूण ४८. दोघं वेगवेगळ्या गाड्यांतून, वेगवेगळ्या रस्त्यांनी थिएटरवर पोहोचत. एखादी गाडी अडकली तरी सोहळा अडू नये, हा हेतू. रंगमंचावर एक डाव्या विंगेत उभा राहत असे, एक उजव्या. पुरस्कार द्यायला येणारा कलाकार ज्या बाजूने मंचावर जाई, त्या बाजूचा भागीदार त्याच्या हातात पाकीट देई.

इथे जरा थांबून विचार करा. डावीकडून पाकीट दिलं गेलं की उजवीकडच्या बॅगेतलं त्याच विभागाचं पाकीट निकामी व्हायला हवं. ते आपोआप होत नाही. पलीकडे उभ्या असलेल्या माणसाने प्रत्येक वेळी लक्षात ठेवून ते बाजूला काढायचं असतं. बहुतेक कलाकार एकाच बाजूने येत होते, त्यामुळे हात ठरावीक लयीत पडलेला : पाकीट उचल, दे, पुढचं वर घे. लय मोडते ती कुणी विरुद्ध बाजूने आल्यावर. आपण काहीच दिलेलं नसतं आणि तरीही आपला गठ्ठा एकाने कमी करायचा असतो. हाताला जे काम करावं लागलं नाही त्याची नोंद मनाने ठेवायची, आणि ती सोहळ्याच्या चौथ्या तासाकडे झुकताना. विंगेत उभं राहिलेल्या कुणालाही विचारा, चूक नेमकी इथेच होते. माझीही इथेच झाली होती.

त्या रात्री अभिनेत्रीचा पुरस्कार द्यायला लिओनार्डो डिकॅप्रिओ आला तो दुसऱ्या बाजूने. त्या बाजूच्या भागीदार बाईंनी त्याला पाकीट दिलं. एमा स्टोन जिंकली आणि कार्ड हातात घेऊन आत गेली. पलीकडच्या भागीदाराच्या बॅगेत तिचं जुळं पाकीट तसंच राहिलं. एमा स्टोन आत आली तेव्हा त्याने तिचा फोटो काढून समाजमाध्यमावर टाकला. ही चूकच, आणि ती त्याला फार महागात पडली. त्यानंतर काही क्षणांतच वॉरन बेटी आणि अभिनेत्री फे डनवे मंचावर जायला निघाले, आणि त्याने वरचं पाकीट बेटीच्या हातात ठेवलं.

फोटो टाकला नसता तर चूक टळली असती का? कदाचित त्या रात्री टळली असती. पण प्रत्येक रात्री टळेलच याची हमी त्या व्यवस्थेत कुठेच नव्हती. पाकीट देणाऱ्याने काय दिलं, हे तपासायला दुसरा माणूस नाही. घेणाऱ्याने वरचं नाव वाचून घ्यावं असा नियम नाही. दुसरा संच ठेवला होता तो सुरक्षेसाठी, आणि एकमेव संच असता तर ही चूक अशी होऊच शकली नसती, कारण एमा स्टोनचं पाकीट तोवर उघडून झालेलं असतं.

एक लाल पाकीट, एक पांढरं कार्ड

त्या वर्षी पाकिटांची रचना नवी होती. गडद लाल कागद आणि त्यावर विभागाचं नाव सोनेरी, बारीक अक्षरांत. दिसायला देखणं. पण विंगेतला उजेड आठवा : मंद, निळसर, डोळ्यांना रंगमंचाचा झगझगाट सोसून सोसून अंधारी आलेली. लालवरचं बारीक सोनेरी अक्षर तिथे दिसायचं कसं? बेटीच्या हातातल्या पाकिटाचे फोटो नंतर मोठे करून पाहिले गेले, त्यावर 'प्रमुख भूमिकेतील अभिनेत्री' असंच छापलेलं होतं. खरं उत्तर साऱ्या जगासमोर होतं, वाचता येत नव्हतं इतकंच.

आतलं कार्ड तर पाकिटापेक्षाही घातक. वर मोठ्या अक्षरांत 'ऑस्कर्स', मध्ये एमा स्टोनचं नाव, त्याखाली 'ला ला लँड', आणि अगदी तळाशी, सगळ्यांत लहान टायपात, विभागाचं नाव. 'ऑस्कर्स' हा शब्द त्या सभागृहात कुणाला सांगायची गरज नव्हती, तो सर्वांत ठळक. ज्या एका ओळीने चूक पकडता आली असती, ती सर्वांत बारीक. मला या संपूर्ण प्रकरणात सगळ्यांत जास्त राग येतो तो याचा. हे कार्ड ऐंशीच्या घरातल्या माणसाने, दिव्यांच्या झोतात, चश्मा सावरत वाचायचं आहे, याचा विचार ते मांडणाऱ्याने केलाच नव्हता.

मंचावर

बेटी तेव्हा ७९ वर्षांचे, डनवे ७६. 'बॉनी अँड क्लाइड' या त्यांच्या चित्रपटाला ५० वर्षं होत होती म्हणून शेवटचा पुरस्कार त्यांच्या हस्ते. बेटीने पाकीट फोडलं, कार्ड पाहिलं आणि थांबला. पुन्हा पाकिटात डोकावला, आत आणखी काही आहे का बघायला. वाक्य सुरू केलं, परत थांबला. लोक हसले. मुद्दाम ताणतोय असं त्यांना वाटलं. डनवेलाही तेच वाटलं, तिने त्याला लटकं रागावलंही. मग त्याने कार्ड तिच्यापुढे धरलं. तिची नजर चित्रपटाच्या नावावर पडली आणि तिने ते वाचलं.

बेटीला दोष देणाऱ्यांनी ही चित्रफीत आवाज बंद करून पाहावी. काहीतरी बिनसलंय हे त्या माणसाला कळलं होतं, तो अक्षरशः मदत शोधत होता. पण 'थांबा, हे पाकीट चुकीचं दिसतंय' असं म्हणायची मुभा आपल्याला आहे, हे त्याला कुणी सांगून ठेवलेलं नव्हतं. कोट्यवधी माणसं बघत असताना ती मुभा स्वतःहून घेणं सोपं नाही.

यापुढची दोन-अडीच मिनिटं मला या प्रकरणात सर्वांत महत्त्वाची वाटतात. 'ला ला लँड'चा सगळा ताफा मंचावर आला. मिठ्या, अश्रू. निर्माते जॉर्डन होरोविट्झ बोलले, मग मार्क प्लॅट बोलले. खरा निकाल तोंडपाठ असलेली दोन माणसं दोन्ही विंगांत उभी होती. नाव चुकीचं वाचलं गेलं तर ताबडतोब पुढे होऊन दुरुस्ती करायची, अशी पद्धत कागदावर होती. ती वेळेत पाळली गेली नाही. ती पुरेशा वेगाने पाळली नाही, अशी कबुली कंपनीनेही नंतर दिली आणि संपूर्ण जबाबदारी घेतली. ती दोघं का गोठली, हे बाहेरून सांगणं अवघड आहे. पण एक गोष्ट मी अनुभवाने सांगू शकतो. मंचावर आनंद सुरू झाला की त्यात शिरायला पाऊल उचलत नाही. आपलंच चुकलं असेल तर, असं वाटत राहतं. पाकीट तपासावं, पलीकडे विचारावं, खात्री करावी. प्रत्येक खात्रीत वीस-वीस सेकंद जातात. इतकी वर्षं ही वेळ फारशी आलीच नव्हती, त्यामुळे त्या वेळी पाय आपोआप कुठे वळायला हवेत याची सवय कुणालाच नव्हती.

प्लॅट बोलत असतानाच कानाला यंत्र लावलेला माणूस मागच्या गर्दीत दिसायला लागला. लाल पाकिटं इकडून तिकडे झाली. तिसरा निर्माता फ्रेड बर्गर बोलायला उभा राहिला तेव्हा कुजबुज त्याच्यापर्यंत पोहोचली होती. त्याने घाईघाईने आभार मानले आणि शेवटी सांगून टाकलं की आपण हरलोय. होरोविट्झ माइकजवळ आला. चूक झाली आहे, 'मूनलाइट'वाल्यांनो, तुम्ही जिंकला आहात, ही गंमत नाही, असं म्हणाला. लोक तरीही बसून. तेव्हा त्याने बेटीच्या हातातलं खरं कार्ड घेतलं आणि कॅमेऱ्यासमोर धरलं. कॅमेरा जवळ गेला. त्या कार्डावर लिहिलं होतं : 'मूनलाइट'.

सगळ्या यंत्रणेत दुरुस्ती केली ती हरलेल्या माणसाने. हातात घेतलेली बाहुली त्याने स्वतः 'मूनलाइट'च्या दिग्दर्शकाच्या, बॅरी जेनकिन्सच्या, हाती सोपवली. किमेल वातावरण हलकं करायला म्हणाला की सगळ्यांनाच देऊन टाकू या. त्यावर होरोविट्झने उत्तर दिलं की 'मूनलाइट'च्या मित्रांना ही देताना मला अभिमानच वाटेल. त्या गोंधळात असं सुचणं, ही मनाची श्रीमंती आहे.

हे आधीही झालं होतं

बंद पाकिटाची प्रथाच एका फजितीतून आली. पूर्वी अकादमी वर्तमानपत्रांना विजेत्यांची यादी आधी देत असे, रात्री उशिरापर्यंत छापायची नाही या बोलीवर. १९४० साली 'लॉस एंजेलिस टाइम्स'ने ती संध्याकाळच्या अंकातच छापली. सोहळ्याला येणाऱ्यांनी निकाल वाटेतच वाचला. पुढच्या वर्षापासून पाकिटं मोहरबंद झाली.

त्याहीआधी, १९३४ मध्ये, दिग्दर्शनाचा पुरस्कार जाहीर करताना सूत्रसंचालक विल रॉजर्सने नुसतं 'फ्रँक' अशी हाक मारली. फ्रँक काप्रा उठून निघाला. पुरस्कार फ्रँक लॉइडचा होता. दिव्याचा झोत भलतीकडेच गेलेला पाहून काप्राला अंधारातून परत जागेवर यावं लागलं. आणि १९६४ मध्ये सॅमी डेव्हिस ज्युनियरच्या हाती संगीताच्या एका विभागाऐवजी दुसऱ्या विभागाचं पाकीट गेलं. त्याने भलतंच नाव वाचलं, पण लगेच योग्य पाकीट आलं आणि प्रसंग निभावला. २०१७ मध्ये घडलं त्याची ही रंगीत तालीमच होती म्हणायची, ५३ वर्षं आधी. त्यातून कुणी काही शिकून ठेवलेलं नव्हतं.

नंतर

दोन्ही भागीदारांना ऑस्करच्या कामातून कायमचं दूर केलं गेलं. कंपनीचं काम मात्र चालू राहिलं. पुढच्या वर्षीसाठी बदल जाहीर झाले. त्यातले काही दिखाऊ वाटतात, फोनबंदी हा त्यातलाच. ज्याने मूळ रोग बरा होतो असे बदल माझ्या मते तीन. एक, पाकीट देताना विभाग बरोबर आहे याची खात्री कलाकार आणि रंगमंच व्यवस्थापक या दोघांनी करायची, म्हणजे देणाऱ्याखेरीज आणखी चार डोळे. दोन, तिसरा भागीदार तिसऱ्या संचासह नियंत्रण कक्षात बसणार, दिग्दर्शकाच्या शेजारी, जिथून एका शब्दात सगळं थांबवता येतं. तीन, 'चुकलं तर काय' याची आधी तालीम. मला ही तिसरी गोष्ट सर्वांत मोलाची वाटते. नियम कपाटात असतो, तालीम पायात उतरते. पाकिटावरची अक्षरंही मोठी झाली.

४ मार्च २०१८ ला बेटी आणि डनवे यांना पुन्हा त्याच पुरस्कारासाठी बोलावलं. सभागृहाने उभं राहून त्यांचं स्वागत केलं. त्यांनी 'द शेप ऑफ वॉटर' हे नाव वाचलं आणि ते बरोबर होतं. अकादमीने त्या दोघांना दिलेली ही भरपाई मनापासूनची होती असं मी मानतो.

'मूनलाइट'ला मात्र भरपाई देता येण्यासारखी नव्हती. केवळ १५ लाख डॉलरच्या आसपास खर्चात, २५ दिवसांत चित्रित झालेला हा चित्रपट. मायामीच्या लिबर्टी सिटी या गरीब वस्तीतल्या शायरन नावाच्या मुलाचं बालपण, पौगंड आणि तारुण्य तीन वेगळ्या नटांनी उभं केलेलं. दिग्दर्शक बॅरी जेनकिन्स आणि ज्यांच्या अप्रकाशित नाट्यसंहितेवरून तो केला ते टॅरेल अल्विन मॅक्रेनी, दोघंही त्याच वस्तीत वाढलेले, दोघांच्याही आयांना अमली पदार्थांच्या व्यसनाने गाठलेलं. सर्व प्रमुख कलाकार कृष्णवर्णीय असलेला, समलिंगी नायकाचा पहिलाच चित्रपट हा सर्वोच्च पुरस्कार घेत होता. इतिहास घडत होता आणि मंचावर लोक एकमेकांना विचारत होते, नेमकं काय झालं? जेनकिन्स माइकपाशी आला तेव्हा वेळ जवळपास संपलेली, मागे दोन चित्रपटांची माणसं एकमेकांत मिसळलेली. स्वप्नातही हे खरं होऊ शकलं नसतं, पण स्वप्नं गेली खड्ड्यात, कारण हे खरं आहे, अशा अर्थाचं काहीतरी तो बोलला. दुसऱ्या दिवशीच्या मथळ्यांत पाकीट होतं, बेटी होता, हिशेबतपासनीस होते. शायरन कुठेतरी खाली.

जेनकिन्सने त्या अर्ध्या-पाऊण मिनिटासाठी भाषण लिहून ठेवलं होतं. ते राहूनच गेलं. वर्षभराने, मार्च २०१८ मध्ये, ऑस्टिनच्या साउथ बाय साउथवेस्ट महोत्सवात बोलताना त्याने ते वाचून दाखवलं. टॅरेल आणि मी, आम्हीच शायरन आहोत, तोच मुलगा आहोत, असं त्यात होतं. आमच्यासारख्या ठिकाणी, आमच्यासारखा वाढलेला मुलगा पुढे ऑस्कर जिंकणारी कलाकृती घडवेल, असं तो चित्रपट बघताना कुणाच्या मनात येत नाही, असं होतं. आणि ते स्वप्न आपण स्वतःच स्वतःला कधी पाहू दिलं नव्हतं, हेही होतं.

ऑस्टिनच्या त्या सभागृहात हे ऐकायला जेवढी माणसं बसली होती, तेवढ्यांनी ते ऐकलं.